मसुराकार दीर्घिका आणि गुरुत्वीय भिंग

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दूरच्या दीर्घिकांच्या शोधाच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आता वरचेवर येतात आणि आपल्या सीमाभागातले वाचक त्या आवडीने वाचतात. या बातम्यांत ‘लेंटिक्युलर’ या शब्दासाठी ‘भिंगाकार’ हा शब्द वापरला जातो आणि घोटाळा तिथेच सुरू होतो. खगोलशास्त्रात ‘गुरुत्वीय भिंग’, म्हणजे आपल्या गुरुत्वाने मागचा प्रकाश वळवणारी जड वस्तू, ही दुसरी एक गोष्ट आहे, आणि दूरच्या दीर्घिकेच्या बातमीत पुष्कळदा तीही आलेली असते. एकाच बातमीत दोन भिंगे आली की ही दीर्घिका भिंगासारखी प्रकाश वळवते, असा वाचकाचा समज होतो. म्हणून विनंती अशी, की आपल्या पत्रात यापुढे ‘मसुराकार दीर्घिका’ असे छापावे.

हा शब्द ओढूनताणून आणलेला नाही. मसुरीलाच लॅटिनमध्ये ‘लेन्स’ म्हणतात. दोन्ही बाजूंनी फुगीर असलेली काच मसुरीच्या दाण्यासारखी दिसते, म्हणून दाण्याचे नाव काचेला मिळाले. कन्नड माध्यमाच्या विज्ञानाच्या पुस्तकात तर भिंगाला ‘मसूर’च म्हणतात, बहिर्वक्र भिंग म्हणजे ‘पीन मसूर’. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एकाच घरातले एक मूल मराठी शाळेत आणि दुसरे कन्नड शाळेत जात असेल, तर हा शब्द दोघांनाही एका क्षणात कळेल. दोन्ही भाषांना जोडणारा इतका नेमका शब्द हाताशी असताना तो वापरला जात नाही, याची आम्हाला हळहळ वाटते.

आकार समजण्यासाठी अख्ख्या मसुरीचा एक दाणा घ्या. तो ताटलीत आडवा ठेवून वरून पाहिला तर नुसता गोल दिसतो. बोटांच्या चिमटीत उभा धरून कडेकडून पाहिला तर मध्ये फुगलेला आणि दोन्ही टोकांना निमुळता दिसतो. या दीर्घिकांचेही तसेच आहे. मध्ये ताऱ्यांचा दाट फुगवटा आणि त्याभोवती ताऱ्यांची चपटी तबकडी. सर्पिल दीर्घिकेलाही फुगवटा आणि तबकडी असतेच, पण तिच्या तबकडीत वायू आणि धूळ असते, नवे तारे जन्मत असतात आणि त्यांच्या निळसर उजेडाने सर्पिल भुजा उठून दिसतात. मसुराकार दीर्घिकेच्या तबकडीत वायू फारच थोडा उरलेला असतो. निळे, तप्त, वजनदार तारे काही कोटी वर्षांतच संपतात. नवे जन्मले नाहीत की मागे पिवळट-तांबडे म्हातारे तारे राहतात आणि भुजा पुसल्या जातात.

एडविन हबल यांनी १९३६ मध्ये दीर्घिकांच्या वर्गवारीत लंबवर्तुळाकार आणि सर्पिल या दोन प्रकारांच्या मध्ये ‘एस-शून्य’ असा एक वर्ग टाकला. त्या वेळी तो जवळजवळ अंदाजच होता. पुढे छायाचित्रे सुधारली आणि असा वर्ग खरोखर आहे हे ठरले. अडचण मात्र ताटलीतल्या त्या दाण्याचीच आहे. वरून पाहिलेली मसुराकार दीर्घिका आणि गोल लंबवर्तुळाकार दीर्घिका चित्रात सारख्याच दिसतात. नुसत्या चित्रावरून वर्ग ठरवला तर चूक होते, आणि ती किती होते हे २०११ च्या सुमारास जवळच्या २६० दीर्घिकांच्या पाहणीतून कळले. या सगळ्या लंबवर्तुळाकार किंवा मसुराकार म्हणून नोंदलेल्या होत्या. त्यांतले तारे कसे फिरतात हे वर्णपटावरून मोजले तेव्हा ८६ टक्के दीर्घिका तबकडीसारख्या नीट गरगरणाऱ्या निघाल्या. लंबवर्तुळाकार म्हणून नोंदलेल्या पुष्कळशा दीर्घिका आतून मसुराकारच्या जवळच्या होत्या, असा याचा अर्थ.

वायू कुठे गेला, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. दीर्घिकांच्या दाट गुच्छात शिरलेल्या सर्पिल दीर्घिकेचा वायू गुच्छातल्या तप्त वायूच्या दाबाने मागे उडून जातो, जसा धावत्या ट्रकमधला भुसा मागे उडतो. काही वेळा बाहेरून येणारा नवा वायूच बंद होतो आणि आहे तो तारे घडवण्यात संपून जातो. काही वेळा दोन दीर्घिका एकमेकींत मिसळतात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राशी निगडित सुधांशु बर्वे, अजित केंभावी, योगेश वाडदेकर आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये दाखवले, की तेजस्वी आणि मंद मसुराकार दीर्घिकांत फुगवट्याचा आकार आणि तबकडीचा आकार यांचे नाते उलटसुलट आहे. मंद दीर्घिकांत फुगवटा मोठा तशी तबकडीही मोठी; तेजस्वी दीर्घिकांत फुगवटा मोठा तर तबकडी लहान. म्हणजे दोघींच्या जन्माच्या वाटा वेगळ्या असाव्यात. हे काम आपल्यापासून एका रात्रीच्या प्रवासावर झाले आहे, आणि बातमीत त्याचा उल्लेख आला तर आपल्या मुलांना हे क्षेत्र परके वाटणार नाही.

आता दूरची मसुराकार दीर्घिका ‘सापडते’ म्हणजे नेमके काय होते ते. कोणी दुर्बिणीला डोळा लावून ती पाहत नाही. आकाशाच्या एका लहान तुकड्याची निरनिराळ्या रंगांच्या गाळण्यांतून छायाचित्रे घेतात आणि संगणक त्यांतले लाखो ठिपके मोजून यादी करतो. म्हाताऱ्या ताऱ्यांच्या प्रकाशात ४००० अँगस्ट्रॉम (प्रकाशाची तरंगलांबी मोजण्याचे सूक्ष्म एकक) तरंगलांबीच्या आसपास एक पायरी असते: तिच्या निळ्या बाजूला उजेड एकदम कमी, तांबड्या बाजूला जास्त. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे ही पायरी तांबड्याकडे सरकते. एका गाळणीत दीर्घिका दिसत नाही आणि पुढच्या गाळणीत ठळक दिसते, तेव्हा पायरी त्या दोहोंच्या मध्ये आहे हे कळते आणि अंतराचा पहिला अंदाज मिळतो.

हा अंदाज फसू शकतो. धुळीने भरलेली, आत भरपूर नवे तारे जन्मत असलेली दीर्घिकाही तांबडी दिसते, जसा धुळकट हवेतून मावळता सूर्य तांबडा दिसतो. म्हणून वर्णपट घ्यावा लागतो. त्यात कॅल्शियमच्या दोन काळ्या रेषा शोधतात, ३९३४ आणि ३९६९ अँगस्ट्रॉमच्या. तप्त वायूच्या उजळ रेषा आहेत का तेही पाहतात. त्या असतील तर तिथे तारे जन्मत असण्याचा संभव असतो आणि दीर्घिका मसुराकार आहे असे लगेच म्हणता येत नाही. शिवाय अवरक्त प्रकाशात धूळ चमकते का ते तपासतात. रेषा किती सरकल्या यावरून ताम्रसृती, म्हणजे प्रकाश तांबड्याकडे सरकल्याचे माप, मिळते आणि हिशेब सोपा असतो: मूळ तरंगलांबीला ‘१ अधिक ताम्रसृती’ने गुणायचे. ताम्रसृती २.१४८ असेल तर ४००० ची पायरी १२,५९२ अँगस्ट्रॉमवर जाते, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात. अवरक्त पाहणारी उपकरणे आली तेव्हाच या दीर्घिका नीट हाती लागू लागल्या, त्याचे कारण हेच.

त्यानंतर आकाराचा प्रश्न येतो, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. मध्यापासून कडेपर्यंत उजेड कसा कमी होत जातो याला गणिती वक्र बसवतात. तबकडीचा उजेड एका ठरावीक दराने उतरतो. फुगवट्याचा उजेड मध्याशी झपाट्याने चढतो आणि बाहेर लांबवर रेंगाळतो. दोन्ही वक्र मिळून चित्राशी जुळले तर तबकडी आणि फुगवटा दोन्ही आहेत असे म्हणता येते. पण दुर्बीण स्वतःच प्रत्येक बिंदू थोडा पसरवते. तो पसरटपणा जवळच्या एखाद्या ताऱ्यावरून मोजतात, आणि तो तारा अतितेजस्वी निवडला, त्याचा मध्य कॅमेऱ्यात भरून वाहिला, तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो आणि फुगवट्याचा आकार चुकतो. आकाशाचा पार्श्वउजेड वजा करतानाही तसेच. थोडा जास्त वजा झाला तर मंद तबकडी कापली जाते आणि मसुराकार दीर्घिका लंबवर्तुळाकार ठरते. कमी वजा झाला तर नसलेली तबकडी दिसू लागते.

अंतर वाढले की हा धोका फार वाढतो, कारण पृष्ठभागाची उजळी ‘१ अधिक ताम्रसृती’च्या चौथ्या घाताने घटते. ताम्रसृती १ असेल तर १६ पट, २.१४८ असेल तर सुमारे ९८ पट. फिकट सर्पिल भुजा या घटीत आधी नाहीशा होतात. म्हणून ‘भुजा दिसत नाहीत’ आणि ‘भुजा नाहीत’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि बातमीत कोणते केले आहे ते वाचकाला कळले पाहिजे. दीर्घिका आकाशात फार लहान दिसते, हाही प्रश्न असतो. ताम्रसृती २ च्या आसपास आकाशातला १ विकला (अंशाचा ३६०० वा भाग) म्हणजे तिथले सुमारे २७ हजार प्रकाशवर्षे. जमिनीवरच्या दुर्बिणीत हवेच्या थरथरीने साधारण एवढाच भाग एकमेकांत मिसळतो, आणि आख्ख्या दीर्घिकेचा एक ठिपका होतो.

गुरुत्वीय भिंग उपयोगी पडते ते इथे. मध्ये एखादा दीर्घिकांचा जड गुच्छ असेल तर त्याच्या गुरुत्वाने मागच्या दीर्घिकेचा प्रकाश वळतो आणि तिचे चित्र मोठे व ताणलेले दिसते. सुने टॉफ्ट आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मॅक्स २१२९-१ या दीर्घिकेबद्दल जे जाहीर केले ते याच मार्गाने. तिची ताम्रसृती वर हिशेबाला घेतली तीच, २.१४८. महास्फोटानंतर सुमारे ३ अब्ज वर्षांनी तिथला प्रकाश निघाला. तिच्यात ताऱ्यांचे जन्म थांबलेले होते, म्हणून सगळ्यांची अपेक्षा होती की ती लंबवर्तुळाकार असेल. हबल दुर्बिणीच्या चित्रांवरून आणि चिलीतल्या ८.२ मीटर आरशाच्या दुर्बिणीवरच्या वर्णपटावरून ती तबकडी निघाली, आणि आपल्या आकाशगंगेच्या दुपटीहून अधिक वेगाने फिरणारी. आकार आकाशगंगेच्या निम्मा, वस्तुमान तिप्पट. वर्णपटात एका बाजूच्या रेषा निळ्याकडे आणि दुसऱ्या बाजूच्या तांबड्याकडे कललेल्या होत्या. तबकडीचा भक्कम पुरावा तो. या शोधात भिंग म्हणजे मधला गुच्छ, आणि मागची ती मसुरीसारखी चपटी वस्तू म्हणजे दीर्घिका. ‘भिंगातून दिसलेली भिंगाकार दीर्घिका’ असे छापले तर कोणाला काय कळणार?

याच्या उलटचे उदाहरण पुण्याचेच आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये जाहीर केलेली ‘अलकनंदा’ दीर्घिका जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत एबेल २७४४ या गुच्छाच्या मागे दिसली. म्हणजे तीही गुरुत्वीय भिंगातूनच दिसली. पण ती ठसठशीत सर्पिल आहे, मसुराकार नाही. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असताना एवढ्या नीट भुजा असणे हेच तिचे आश्चर्य.

बातमीतल्या आकड्यांविषयी थोडेसे. मिलियन म्हणजे १० लाख आणि बिलियन म्हणजे १ अब्ज, अर्थात १०० कोटी. भाषांतरात इथे एक शून्य घसरले की अंतर दहापट चुकते. प्रकाशवर्ष हे अंतराचे माप आहे, काळाचे नाही. ‘१० अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश’ हे बरोबर, पण तेवढ्यावरून ‘ती आज १० अब्ज प्रकाशवर्षांवर आहे’ असे लिहिणे चूक, कारण प्रकाश वाटेत असताना मधले अंतर वाढत गेले. ताम्रसृतीचा आकडा मिळाला तर तो छापावा. जाणकार वाचकाला बाकीचे त्यावरून काढता येते.

मसुराकार दीर्घिका आपल्या भागातून प्रत्यक्ष पाहता येते, हे मात्र बातम्यांत कधीच नसते. त्याची माहिती देतो.

सर्वांत सोयीची दीर्घिका एनजीसी ३११५. विल्यम हर्शल यांनी ती २२ फेब्रुवारी १७८७ ला नोंदवली. अंतर सुमारे ३ कोटी प्रकाशवर्षे, प्रत (तेजस्वितेचा आकडा; तो जितका लहान तितकी वस्तू तेजस्वी) ८.९, आणि केंद्रात १ ते २ अब्ज सूर्यांएवढे कृष्णविवर. ती आपल्याला कडेकडून दिसते, म्हणून मसुरीचा उभा दाणा दुर्बिणीत जसाच्या तसा दिसतो. काळ गुढीपाडव्याच्या आसपासचा. पाडव्याची आदली रात्र अमावास्येची, त्यामुळे चंद्राचा अडथळा नसतो, आणि रात्री नऊ ते अकराच्या दरम्यान ही दीर्घिका बेळगावच्या आकाशात ६६ अंश उंच असते. आधी मघा नक्षत्राचा तेजस्वी तारा शोधा. हात पूर्ण लांब करून वीत ताणली की आकाशात सुमारे २० अंश होतात. मघेपासून सरळ दक्षिणेला एक वीत मोजा. पडताळा म्हणून वासुकीचा एकटा तांबूस तारा अल्फार्ड पाहा. दीर्घिका त्याच्या पूर्वेला जवळजवळ एक मूठ, म्हणजे ९ ते १० अंशांवर, आणि किंचित उत्तरेला आहे.

८ इंची, १२०० मिलिमीटर नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची, आरशाची) दुर्बीण उत्तम. ४ इंचीतही ती दिसते. आधी २५ मिलिमीटरची नेत्रिका लावून ४८ पटीत शोधावी, मग १० मिलिमीटरची लावून १२० पटीत पाहावी. मध्ये उजळ आणि दोन्ही टोकांना निमुळती, चरख्याच्या चातीसारखी रेघ दिसेल. वर्धन वाढवल्यावर तारा ठिपकाच राहतो आणि दीर्घिका पसरते, ही ओळखीची खूण. या दीर्घिकेचा उजेड लहान जागेत एकवटलेला आहे, त्यामुळे सर्पिल दीर्घिका जिथे पुसून जातात अशा मध्यम आकाशातही ती टिकते. जागा पुरेशी काळोखी आहे का, याची परीक्षा पुष्य नक्षत्रावर करावी. तिथला तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसला तर काम होईल.

न दिसण्याची कारणे बहुतेक साधी असतात. घरातून काढलेली दुर्बीण लगेच वापरली तर गरम आरशावरची हवा हलते आणि चाती विरघळते. ती पाऊण तास आधी बाहेर ठेवावी. शोधक दुर्बीण मुख्य दुर्बिणीशी जुळलेली नसेल तर तासभर भलत्याच जागी शोध चालतो. ती जुळवणी संध्याकाळीच लांबच्या देवळाच्या कळसावर करून घ्यावी. मोबाइलकडे एकदा पाहिले की डोळ्यांची अर्ध्या तासाची तयारी वाया जाते. बॅटरीवर लाल जिलेटिन कागद दोन पदरी गुंडाळावा. चिकोडी, हुक्केरी, रायबाग भागात उसाचे पाचट पेटवलेले असेल तर त्या रात्री वाऱ्याच्या वरच्या बाजूला जावे; धूर डोळ्यांना जाणवला नाही तरी फिकट वस्तू गिळतो. खानापूरचे आकाश सर्वांत काळे, पण भीमगड अभयारण्याच्या हद्दीत रात्री जाऊ नये. गव्यांचा आणि हत्तींचा वावर आहे. गावालगतचे माळरान पुरते, आणि मालकाला आधी सांगून जावे.

दुसरे लक्ष्य नरतुरंगातली एनजीसी ५१२८, सेंटॉरस ए. जेम्स डनलॉप यांनी ती १८२६ मध्ये ऑस्ट्रेलियातून नोंदवली. हिला पुष्कळ जण मसुराकार मानतात, पण बिघडलेली: एका सर्पिल दीर्घिकेला तिने गिळले आहे आणि त्या घासाची धूळ तिच्या मधोमध काळ्या पट्ट्यासारखी आडवी पडली आहे. अंतर सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे. दिल्लीहून ती जेमतेम १८ अंश चढते. बेळगावहून ३१ अंश चढते. चैत्र अमावास्येच्या सुमारास, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधीच्या दोन-तीन रात्री, साडेदहा ते बाराच्या दरम्यान चित्रा ताऱ्यापासून सरळ दक्षिणेला एक वीत आणि एक मूठ उतरावे. दीर्घिकेच्या खाली साडेचार अंशांवर ओमेगा सेंटॉरी हा मोठा तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांनाही दिसतो. तो आधी पकडून वर सरकणे अधिक सोपे. १०×५० च्या द्विनेत्रीत ती गोल धुरकट ठिपक्यासारखी दिसते, काळा पट्टा पाहायला मात्र ८ इंच आणि खरा काळोख हवा.

या दीर्घिकेसाठी शहराच्या कोणत्या बाजूला उभे राहता याला फार महत्त्व आहे. काकती-हत्तरगीकडे, म्हणजे बेळगावच्या उत्तरेला गेलात तर शहराचा सगळा उजेड नेमका दक्षिण क्षितिजावर येतो आणि पट्टा दिसत नाही. खानापूर-नंदगड बाजूला गेलात तर उजेड पाठीमागे राहतो. त्या दिवसांत वळवाचे ढग दुपारनंतर चढतात. पण वळीव संध्याकाळीच पडून गेला आणि दहापर्यंत आकाश उघडले, तर हवेतली धूळ धुतलेली असते आणि दक्षिण क्षितिज वर्षातले सर्वांत स्वच्छ असते. अशी रात्र मिळाली तर दुर्बिणीच्या तोंडाशी पुठ्ठ्याची वीतभर नळी लावून घ्यावी, कारण ओल्या मातीवर दव लवकर धरते.

आपले,
बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील काही आकाशनिरीक्षक वाचक